पिंजरा गेला, कमान राहिली : ओवाटोनाच्या बँकेचं प्रकरण

हे प्रकरण का निवडलं

तालुक्याच्या गावी ज्या शाखेत माझी सर्वांत जास्त वर्षं गेली, ती एका जुन्या वाड्याच्या पुढच्या सोप्यात होती. रोखपाल सागवानी पिंजऱ्यात बसायचा. पिंजऱ्याच्या वरच्या पट्टीवर वेलीची कोरीव नक्षी होती, आणि पैसे सरकवायच्या फळीला खातेदारांच्या हातांनी खळगा पडला होता. संगणक आले तेव्हा शनिवार-रविवारात पिंजरा निघाला आणि सोमवारी त्या जागी सनमायका लावलेलं काउंटर उभं होतं. माप कोणी घेतलं नाही, फोटो कोणी काढला नाही. मीही काढला नाही. ती रुखरुख अजून गेलेली नाही. बँकांच्या जुन्या इमारतींबद्दल जे मिळेल ते वाचायची सवय मला तिथूनच लागली.

त्या वाचनात ओवाटोना भेटलं. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या या शेतकी गावात १९०८ साली नॅशनल फार्मर्स बँकेची इमारत उभी राहिली. पुढे बँक बुडाली, इमारतीचे मालक बदलले, आतल्या मूळ कामाची बरीच मोडतोड झाली आणि मग एका मालकाने थांबून जे उरलं होतं ते सावरलं. मला या प्रकरणाचं मोल वाटतं ते यासाठी की कुठे कोणता निर्णय झाला आणि त्याचं काय झालं, हे यात स्वच्छ दिसतं. इमारत बांधणारा बँकवाला आणि वास्तुविशारद ही माणसं सार्वजनिक इतिहासाचा भाग आहेत, म्हणून त्यांची नावं घेतो. पुढच्या काळातल्या बँक अधिकाऱ्यांचा उल्लेख पदानेच करतो.

पार्श्वभूमी

ओवाटोना हे स्टील काउंटीचं मुख्य गाव, मिनिआपोलिसच्या दक्षिणेला शंभरेक किलोमीटरवर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वस्ती साडेपाच हजारांच्या आसपास. भोवताली गहू, मका आणि त्याहून जास्त दूधदुभतं. इथल्या लोण्याचं नाव दूरवर होतं. बाजारच्या दिवशी शेतकरी घोडागाडी जुंपून येत, दुधाचे पैसे जमा करत, बियाण्यासाठी कर्ज काढत. आपल्याकडच्या कोणत्याही तालुक्याच्या बँकेत मंगळवारी किंवा शनिवारी दिसतं तेच चित्र.

नॅशनल फार्मर्स बँक बेनेट कुटुंबाच्या हातात होती. वडील अध्यक्ष, मुलगा कार्ल बेनेट उपाध्यक्ष. कार्ल हार्वर्डला शिकला होता आणि त्याचा जीव संगीतात होता, पण घरच्या बँकेसाठी तो गावी परतला. या माणसाचा स्वभाव समजल्याशिवाय पुढचं काही समजत नाही. हिशेबाच्या वहीत बसूनही त्याचे कान सुराकडे लागलेले असायचे.

बँकेला नवी इमारत हवी होती. त्या काळी अमेरिकेत बँक म्हटली की ग्रीक-रोमन देवळाचा थाट ठरलेला होता. पुढे दगडी खांबांची रांग, वर त्रिकोणी माथा. शिकागोच्या १८९३ च्या जागतिक प्रदर्शनानंतर या शैलीचं वेड देशभर पसरलं होतं. त्यामागे व्यावहारिक कारणही होतं. तेव्हा ठेवींना सरकारी विमा नव्हता, तो आला १९३३ च्या कायद्यानंतर. ठेवीदाराला धीर द्यायला बँकेकडे दोनच गोष्टी असत, मालकाची पत आणि इमारतीचा भक्कमपणा. खांब जाड दिसले की पैसे सुरक्षित वाटत.

बेनेटला ते रूप पटेना. आमचा व्यवहार शेतकऱ्यांशी आहे, मग इमारत परक्या देवळाच्या वेषात का उभी करायची, हा त्याचा प्रश्न होता. आपल्या कामाचं खरं रूप दाखवणारी साधी, भारदस्त आणि सुंदर इमारत त्याला हवी होती. शोधाशोध चालू असताना एका कला-मासिकात लुई सलिव्हन या शिकागोच्या वास्तुविशारदाचा लेख बँकेच्या मंडळींच्या वाचनात आला, आणि १९०६ साली त्यांनी त्याला पत्र लिहिलं.

पहिला निर्णय : कोणाला बोलवायचं

सलिव्हन तेव्हा पन्नाशीत होता. डँकमार अ‍ॅडलर या भागीदाराबरोबर त्याने शिकागोचं ऑडिटोरियम, सेंट लुईसची वेनराइट इमारत आणि बफेलोची गॅरंटी इमारत उभी केली होती. उंच पोलादी इमारतीला स्वतःचं रूप असतं हे जगाला दाखवणाऱ्यांत तो आघाडीवर होता. पुढे जगप्रसिद्ध झालेला वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट त्याच्याच कार्यालयात घडला. पण १८९३ च्या मंदीनंतर भागीदारी तुटली, हवेचा रोख देवळी शैलीकडे वळला आणि सलिव्हनकडे कामं येईनाशी झाली. हट्टी म्हणून त्याचा लौकिक होता, पैशाची ओढाताण होती, दारूही होती.

बँकेच्या दृष्टीने हा धोका मोठा होता. एका गावच्या बँकेने, ठेवीदारांच्या विश्वासावर चालणाऱ्या संस्थेने, उतरणीला लागलेल्या कलावंतावर आपली सगळ्यांत मोठी भांडवली रक्कम लावायची. जवळचा कोणी ठेकेदार गाठून खांबांची बँक बांधणं कितीतरी सोपं होतं. बेनेटने तसं केलं नाही, आणि माझ्या मते त्याचा निर्णय धाडसाचा असला तरी अविचाराचा नव्हता. त्याने नाव पाहून माणूस निवडला नव्हता. त्या माणसाचा विचार आधी वाचला, तो स्वतःच्या गरजेशी पडताळला आणि मग बोलावलं. सलिव्हन ओवाटोनात येऊन राहिला आणि बँकेचं काम कसं चालतं, कोण कशासाठी येतं, कुठे थांबतं हे त्याने बेनेटकडून समजून घेतलं. हातात काम कमी असल्यामुळे त्याचं सगळं लक्ष या एकाच गोष्टीवर होतं. भरभराटीतल्या सलिव्हनकडून ओवाटोनाला इतकं मिळालं असतं असं मला वाटत नाही.

त्याच्या कार्यालयातला जॉर्ज एल्मस्ली हा या कामातला दुसरा मोठा हात. नक्षीकामाचा फार मोठा भाग त्याच्या पेन्सिलीतून उतरला.

इमारत

बँकेचा मुख्य भाग ६८ फूट लांब-रुंद, जवळपास घनाकृती. खाली तांबूस वालुकाश्मात जोतं, वर खरबरीत, छटा बदलत जाणाऱ्या विटांच्या भिंती. रस्त्याकडच्या दोन बाजूंना प्रत्येकी एकच प्रचंड कमान, ३६ फूट रुंदीची, रंगीत काचांनी भरलेली. भिंतीभोवती हिरव्या झाकेच्या टेराकोटाची, म्हणजे भाजलेल्या मातीच्या ठोकळ्यांची, आणि काचेच्या मोझाइकची चौकट, वरच्या कोपऱ्यांत टेराकोटाचे मोठे नक्षीदार उठाव. दुरून पाहिलं तर दागिन्यांची पेटी. सलिव्हनच्या या आणि नंतरच्या लहान बँकांना अमेरिकेत पुढे ‘ज्वेल बॉक्स’ हेच नाव पडलं.

आत उंच, मोकळं, खांबविरहित दालन. रंगीत काचकाम लुई मिलेचं, त्यामुळे आतला उजेड हिरवट-सोनेरी, पिकाच्या शेतात उभं राहिल्यासारखा. काचकमानींसमोरच्या भिंतींवर तशाच अर्धगोल जागी ऑस्कर ग्रॉसची दोन भित्तिचित्रं. एकात कुरणात चरणाऱ्या दुभत्या गाई, दुसऱ्यात कापणी. चार बिडाची झुंबरं, एकेकाचं वजन दोन टनांच्या वर. टेराकोटाच्या नक्षीचे साचे क्रिस्टियन श्नायडर या कारागिराच्या हातचे. सलिव्हनने बेनेटला पत्रात लिहिलं होतं की त्याला रंगांची सिंफनी हवी आहे. संगीतवेड्या बँकवाल्याला याहून नेमकं काय लिहिणार!

बँकवाला म्हणून मी थांबतो ते मांडणीपाशी. आत शेतकऱ्यांना बसायला वेगळी खोली होती, बायकांसाठी वेगळी, अधिकाऱ्यांशी बोलायला जागा होती. चिखलाचे बूट घालून आलेल्या माणसाला ताटकळत उभं राहावं लागू नये असा त्यामागचा विचार. आणि या सगळ्याच्या मध्ये रोखपालांच्या खिडक्या, म्हणजे पिंजरे. सलिव्हन आणि एल्मस्लीने त्या जाळ्यांवर कमानीइतकीच मेहनत घेतली होती. पान, देठ, बी, त्यातून फुटणारी भूमिती. खातेदार दिवसभरात कमानीकडे एकदा पाहतो, जाळीकडे मात्र नंबर लागेपर्यंत पाहत असतो. हे त्या दोघांनी ओळखलं होतं.

आणखी एक गोष्ट फारशी कोणी लिहीत नाही, पण मला ती महत्त्वाची वाटते. मुख्य घनाला लागून, रस्त्याच्या कडेने, भाड्याच्या दुकानांचा आणि कार्यालयांचा भाग त्याच आराखड्यात बांधला गेला. सुंदर इमारतीच्या शेजारी कमावणारी इमारत. बँकेच्या माणसाचं डोकं तिथे दिसतं.

काम चालू असतानाच ऑक्टोबर १९०७ मध्ये न्यूयॉर्कची निकरबॉकर ट्रस्ट ही वित्तसंस्था कोसळली, देशभर बँकांसमोर रांगा लागल्या आणि कित्येक ठिकाणी रोख देणं आवरतं घ्यावं लागलं. ओवाटोनाचं बांधकाम तरीही पुरं झालं. १९०८ साली बँक नव्या जागेत आली, आणि सलिव्हनला अशाच गावांतून पुढची कामं मिळाली. आयोवात सीडर रॅपिड्स आणि ग्रिनेल, ओहायोत न्यूअर्क आणि सिडनी, विस्कॉन्सिनमध्ये कोलंबस. मोठ्या शहरांनी सोडलेल्या माणसाला लहान गावांनी हात दिला. १९२४ साली शिकागोत तो वारला तेव्हा त्याच्याकडे जवळपास काही उरलं नव्हतं.

अडचण कशी वाढत गेली

पहिल्या महायुद्धात धान्याचे भाव चढले, जमिनीचे त्याहून चढले. शेतकऱ्यांनी कर्ज काढून जमिनी घेतल्या, बँकांनी त्याच जमिनी तारण ठेवून कर्जं दिली. १९२० नंतर भाव कोसळले. तारणाची किंमत गेली, हप्ते थांबले. त्या दशकात अमेरिकेत पाच हजारांहून जास्त बँका बंद पडल्या, बहुतेक ग्रामीण भागातल्या. १९२६ साली नॅशनल फार्मर्स बँकही बुडाली. बेनेट कुटुंबाचं होतं ते गेलं आणि कार्लने गाव सोडलं.

इमारतीपायी बँक बुडाली असं म्हणायचा मोह होतो, कारण तिच्यावर सुमारे सव्वा लाख डॉलर खर्च झाले होते आणि गावाच्या मानाने ती रक्कम मोठी होती. पण बांधकाम आणि बुडणं यांत अठरा वर्षांचं अंतर आहे, आणि भोवतालच्या साध्या इमारतींतल्या बँकाही त्याच वादळात बुडाल्या. पडलेल्या जमिनींवरची कर्जं हेच कारण होतं.

इमारत पुढे सिक्युरिटी बँक अँड ट्रस्ट कंपनी या दुसऱ्या बँकेकडे गेली. तिचं नशीब म्हणायचं ते इथे : ती बँकच राहिली. पण नव्या मालकाला नव्या पद्धतीचं कामकाज हवं होतं. ठेवींना विमा आल्यावर जाळ्यांमागचा रोखपाल जुनाट वाटू लागला, माणसामाणसांत अडथळा नसलेलं काउंटर ही आधुनिकतेची खूण ठरली. कर्मचारी वाढले, यंत्रं आली, जागा कमी पडू लागली. मग नूतनीकरण झालं आणि त्यात पिंजरे, जाळ्या, मूळ काउंटर उखडलं गेलं. त्यातल्या काही वस्तू विखुरल्या. रोखपालाची एक खिडकी आज मिनिआपोलिसच्या कला-संग्रहालयात आहे. कमानी, काचा, चित्रं आणि झुंबरं मात्र जागच्या जागी राहिली.

असं का झालं, यावर मी बराच विचार केला. एकाच कार्यालयात, एकाच कामासाठी काढलेल्या नक्षीपैकी अर्धी राहते आणि अर्धी जाते, ती कशाच्या आधारावर? सौंदर्याच्या आधारावर नक्कीच नाही, जाळ्या काही कमी देखण्या नव्हत्या. मला उत्तर हिशेबाच्या वहीत सापडतं. आपल्या बँकांच्या ताळेबंदात जागा वेगळ्या शीर्षाखाली दाखवतात, आणि ‘इतर स्थिर मालमत्ता, फर्निचर व फिक्स्चर्ससह’ वेगळ्या. जागेकडे पिढ्यांच्या हिशेबाने पाहतात. फर्निचरवर दरवर्षी घसारा लागतो, काही वर्षांत त्याची पुस्तकी किंमत नाममात्र उरते आणि एक दिवस ते ‘निर्लेखित’ होतं, म्हणजे वहीतून काढून टाकलं जातं. जगभर बँकांची पुस्तकं थोड्याफार फरकाने अशीच चालतात. कमान भिंतीचा भाग होती, म्हणून ती ‘इमारत’. पिंजरा जमिनीवर ठेवलेला होता, म्हणून तो ‘सामान’. एकदा सामान ठरला की त्याला काढायला ठरावही लागत नाही, शाखाधिकाऱ्याची सही पुरते. माझ्या शाखेत तेच झालं होतं.

पुढ्यात असलेल्या वाटा

१९५० च्या दशकात सिक्युरिटी बँकेच्या अध्यक्षांपुढे इमारतीचं काय करायचं हा प्रश्न आला. अशा ठिकाणी मालकाला चार वाटा असतात, आणि चारही आपण तोलून पाहू.

पाडून नवी बांधणं ही पहिली. आज आपल्याला हे ऐकवत नाही, पण तेव्हा कायद्याने कोणीही अडवलं नसतं. ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाचा अमेरिकेतला राष्ट्रीय कायदा १९६६ चा. (आपल्याकडे मुंबईची वारसा नियमावली तर १९९५ ची.) खुद्द शिकागोत सलिव्हनच्या इमारतींवर हातोडे पडत होते. गॅरिक नाट्यगृह १९६१ मध्ये गेलं. स्टॉक एक्स्चेंज १९७२ मध्ये पाडताना, त्यातले नक्षीचे तुकडे वाचवायला आत गेलेला छायाचित्रकार रिचर्ड निकेल ढिगाऱ्याखाली सापडून मेला. त्या इमारतीचं व्यवहार-दालन नंतर शिकागोच्या कला-संस्थेत पुन्हा जुळवून मांडलं आहे, म्हणजे जिथे उभं होतं तिथून उचलून.

दुसरी वाट, बँकेने नव्या जागेत जायचं आणि जुनी इमारत विकायची. हे ऐकायला निरुपद्रवी वाटतं. ओहायोतल्या न्यूअर्कची सलिव्हनची इमारत या वाटेने गेली. तिथे पुढे खाटकाचं दुकान झालं, जवाहिऱ्याचं झालं, आइस्क्रीमचं झालं आणि बरीच वर्षं ती रिकामीही पडली. तिची दुरुस्ती अलीकडच्या काळात हाती घेतली गेली. प्रत्येक नवा भाडेकरू आपल्यापुरतं एक छत खाली आणतो, एक भिंत झाकतो, आणि चुकतो असं त्याला वाटत नाही.

तिसरी वाट भावनेला जवळची : १९०८ सालचं सगळं जसंच्या तसं परत घडवायचं. मी बाहेरून पाहताना माझंही मन आधी इकडेच गेलं. पण जाळ्या ओतणारे आणि साचे घडवणारे हात आता नव्हते. श्नायडरच्या बोटांतली मातीची जाण छायाचित्रावरून उतरवता येत नाही, आणि उतरवली तरी पाहणाऱ्याला खरं कोणतं आणि नक्कल कोणती हे कळणार नाही. शिवाय रोज चालणाऱ्या बँकेत माणसांना पुन्हा पिंजऱ्यात बसवावं लागलं असतं.

चौथी वाट म्हणजे इथेच बँक चालवायची, जे मूळ शिल्लक आहे ते दुरुस्त करून उजळायचं, जे गेलं त्याच्या जागी आजच्या गरजेचं नवं पण नम्र काम करायचं. सिक्युरिटी बँकेने ही निवडली.

काय केलं

त्यासाठी बोलावलेला माणूस पुन्हा नीट पारखलेला होता. हारवेल हॅमिल्टन हॅरिस मूळचा कॅलिफोर्नियाचा, टेक्सास विद्यापीठात वास्तुकला विभागाची धुरा सांभाळून आलेला. तरुणपणी शिल्पकला शिकत असताना राइटचं एक घर पाहिलं आणि तो वास्तुकलेकडे वळला. म्हणजे सलिव्हनच्या शिष्याच्या कामाने घडलेला माणूस. त्याची स्वतःची घरं साधी आणि प्रमाणबद्ध. आपली सही मोठ्याने उठवायची हौस असलेला कोणी इथे आला असता तर कमान राहूनही दालन गेलं असतं.

त्याचं काम १९५८ मध्ये पुरं झालं. मधल्या नूतनीकरणाचा गोंगाट निघाला, मूळ रंगांना, चित्रांना आणि झुंबरांना पुन्हा मान मिळाला. नवं काउंटर आणि नवं सामान ठेंगणं, शांत. मूळ जाळ्यांची नक्कल कुठेच नाही. नजर सरळ वर जाते.

यातला निर्णयाचा क्षण मला असा दिसतो. हॅरिसने स्वतःला विचारलं असावं की या दालनात आता मुख्य कोण आहे. जाळ्या असताना पाहणाऱ्याचं लक्ष डोळ्याच्या उंचीवर आणि कमानीत विभागलं जायचं. त्या गेल्यावर डोळ्याच्या उंचीवर पोकळी होती. ती तितक्याच दाट नक्षीने भरायची, की रिकामी ठेवून वरच्याला बोलू द्यायचं? त्याने दुसरं केलं. १९६४ च्या व्हेनिस सनदेत, म्हणजे जुन्या वास्तूंच्या जतनाच्या आंतरराष्ट्रीय तत्त्वांत, नंतर लिहिलं गेलं की गेलेल्या भागाच्या जागी घातलेलं नवं काम एकूण रचनेशी जुळलं पाहिजे आणि तरीही मुळाहून वेगळं ओळखू आलं पाहिजे. ओवाटोनात हे सहा वर्षं आधी करून झालं होतं, कोणत्याही सनदेशिवाय, एका बँकेच्या पैशाने.

पैशाबद्दलही बोलायला हवं. अशा इमारतीत देखणा खर्च शेवटी यायला हवा, कारण टेराकोटाचा शत्रू पाणी. टेराकोटाचे ठोकळे आतून पोकळ असतात आणि लोखंडी आकड्यांनी भिंतीला धरलेले असतात. सांध्यातून पाणी शिरलं की लोखंड गंजून फुगतं आणि ठोकळ्याला तडा देतं. मिनेसोटाच्या हिवाळ्यात शिरलेलं पाणी गोठतं आणि तेच काम झपाट्याने करतं. सांधा कडक सिमेंटने भरला तर विटेतली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही, मग वीटच सुटते. रंगीत काचा शिशाच्या पट्ट्यांत बसवलेल्या, त्या पट्ट्या वजनाने हळूहळू पोट काढतात. छप्पर, पन्हळी आणि सांधे यांवरचा खर्च कोणाला दिसत नाही, त्याचं उद्घाटन होत नाही, आणि तोच आधी करायचा असतो. आमच्या वाड्यातल्या शाखेत दर पावसाळ्यात लेजरांच्या कपाटावर प्लास्टिक घालायचो, पण कौलं चाळायला मंजुरी मिळायची नाही.

परिणाम

१९७१ मध्ये इमारत ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत आली, १९७६ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू ठरली. १९८१ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने वास्तुकलेच्या मालिकेत तिचं १८ सेंटचं तिकीट काढलं. हे सगळे मान आले ते निर्णय झाल्यावर, कित्येक वर्षांनी. सिक्युरिटी बँकेने जेव्हा खर्च केला तेव्हा समोर ना पुरस्कार होता, ना सवलत.

बँकांची विलीनीकरणं झाली, पाटी नॉरवेस्ट बँकेची झाली, १९९८ च्या विलीनीकरणानंतर वेल्स फार्गो बँकेची. पाटी बदलली तरी व्यवहार तोच राहिला, हे या प्रकरणातलं सर्वांत मोठं यश आहे असं मी मानतो. चालू बँकेत रोज कुलूप उघडतं, गळती दुसऱ्या दिवशी दिसते, दिवा गेला तर कोणीतरी तक्रार करतं. सीडर रॅपिड्सची सलिव्हनची बँक २००८ च्या पुरात बुडाली होती, नंतर तिथे उपाहारगृह आलं. वाचली हे चांगलंच झालं. पण उपाहारगृहात जेवणारा माणूस पाहुणा असतो, आणि ओवाटोनाचा खातेदार घरचा.

वेगळं काय करता आलं असतं

पिंजरे काढण्याआधी मोजमाप, छायाचित्रं आणि एक तरी संच जागेवर. नव्या काउंटरच्या टोकाला एक मूळ खिडकी तशीच उभी ठेवायला चार फूट जागा लागली असती. संग्रहालयातली खिडकी सुरक्षित आहे, पण तिच्यामागून पाहिलं की गाई दिसत नाहीत. हॅरिसला १९५८ मध्ये हे शक्य होतं का, याचा विचार मी करतो तेव्हा मला वाटतं की एखादी खिडकी परत आणून कोपऱ्यात बसवली असती तर त्याच्या शांततेला धक्का लागला नसता. इथे माझा त्याच्याशी मतभेद आहे.

दुसरं बेनेटच्या बाजूचं. दुकानांचा भाग कमावता होता. त्या भाड्यातला ठरलेला हिस्सा पहिल्या दिवसापासून फक्त इमारतीच्या देखभालीसाठी, बँकेच्या हिशेबापासून वेगळा, विश्वस्त ठेव म्हणून बांधला असता तर १९२६ मध्ये बँक बुडाली तरी इमारतीपाशी स्वतःचे पैसे राहिले असते. सगळी इमारत एकाच माणसाच्या आवडीवर आणि एकाच संस्थेच्या नफ्यावर उभी होती. तो माणूस गेल्यावर तिच्या बाजूने बोलणारं बरीच वर्षं कोणी नव्हतं. आपल्या नागरी आणि ग्रामीण सहकारी बँकांना हे सहज जमेल, सभासद आहेत, वार्षिक सभा आहे, राखीव निधीची सवय आहे.

तिसरं, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत निकडीचं, म्हणजे वहीतलं शीर्ष. बँक जुन्या इमारतीत असेल तर दारं, जाळ्या, काउंटर, घड्याळ, तिजोरीचं दार, फरशी यांची यादी ‘इमारतीचा भाग’ म्हणून संचालक मंडळाच्या ठरावाने एकदा मंजूर करून घ्यावी. त्यानंतर त्यातलं काही काढायचं तर पुन्हा ठराव लागेल. शाखाधिकाऱ्याची एक सही पुरणार नाही. यात खर्च काहीच नाही, एक ठराव आणि दोन पानांची यादी.

मागच्या दिवाळीत मी माझ्या जुन्या शाखेत गेलो होतो. आताचे शाखाधिकारी तरुण आहेत, त्यांनी चहा मागवला आणि रेकॉर्ड रूमची किल्ली दिली. बंद लेजरांच्या कपाटावर, धुळीत, पिंजऱ्याची वरची नक्षीदार पट्टी आडवी ठेवलेली होती. खळगा पडलेली फळी मिळाली नाही. पट्टीची लांबी-रुंदी मोजली, दोन्ही बाजूंचे फोटो काढले आणि साहेबांना विनंती करून डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाखेच्या सामानाच्या नोंदवहीत, तिची नव्याने नोंद करून घेतली. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी माझ्यासमोर लिहिलं : इमारतीचा भाग, निर्लेखित करू नये.